पार्कात न्यायची बॅग : काट्यावर वजन करून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मी काही बॅगांचा जाणकार नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर बसतो, कापसाची गाडी आली का वजन लिहायचं, ओल पाहायची अन् कटतीवरून, म्हणजे ओलीपायी जे कापल्या जाते त्यावरून, भांडण ऐकायचं हे माझं काम. त्यामुळे एक सवय लागली आहे, कुठलीही गोष्ट हाती आली का हिचं वजन किती असंल हे आधी डोक्यात येतं. तर हा रिव्ह्यू दोन बॅगांचा आहे, एक ४५ लिटरची अन् एक २० लिटरची, दोन्ही मी फॅमिलीसोबत पार्कात, म्हणजे पाण्याचे टाके अन् झुले असलेल्या वॉटर पार्कात, नेल्या, दोन्ही माझ्याच पाठीवर होत्या. घरात बॅग भरणारं माणूस वेगळं अन् उचलणारं वेगळं असतं, म्हणून लिहायचा हक्क उचलणाऱ्याचा.

आमचं जाणं होतं ते मे-जूनमध्येच, कारण दिवाळीपासून मार्चपर्यंत कापूस, तेव्हा सुट्टीचं नावच काढायचं नाही. शाळा विदर्भात जूनच्या शेवटी उघडतात म्हणून पोट्टे मोकळे असतात. पण मे म्हणजे ४५ डिग्री, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. पुण्या-मुंबईकडच्या लोकांचे बॅग भरायचे व्हिडिओ पाहून आम्ही पहिल्यांदा गेलो अन् तिथंच फसलो, ते लोक जॅकेट ठेवा म्हणतात, आपल्याकडे जॅकेट मे महिन्यात पाहूनच घाम येतो.

पहिली बॅग ऑनलाईन सेलमध्ये घेतली, ट्रेकिंगची, १८ कप्पे, खाली बूट ठेवायची जागा, वर पावसाचं कव्हर. पाहून वाटलं आता काय, सगळं घर येते हिच्यात. अन् खरंच आलं, तोच प्रॉब्लेम झाला. बॅग मोठी असली का घरातले तिला रिकामी राहू देत नाहीत. बायकोनं चार टर्किश टॉवेल टाकले, सगळ्यांचे दोन-दोन जोड कपडे, पाच लिटर पाणी, अन् आईनं दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवड्याचा अख्खा स्टीलचा डबा. मी म्हटलं आई, तिथं हॉटेल असते आतमध्ये, तर म्हणे, "काऊन रे, पोट्ट्यायले उपाशी मारतं का? अन् थ्या हाटेलचं तेल कोणतं, तुले मालूम आहे का?" याच्यावर बोलायला काही उरत नाही.

क्रुझर केली होती, भाऊ-वहिनीचं बिऱ्हाड धरून आम्ही अकरा जण. गाडी जिनिंगसमोरूनच जाते म्हणून मी पाच मिनिटं थांबवली अन् सरकीचे पोते मोजायच्या छोट्या काट्यावर बॅग ठेवली. १५ किलो ७०० ग्रॅम. नुसती रिकामी बॅगच १ किलो ३००, पाणी ५ किलो, डबे साडेतीन, राहिलेलं सगळं कपडे-टॉवेल अन् हे-ते. भाऊ हसला, म्हणे अर्ध्या मणाच्या जवळ आलं की. हसला तो, उचलली मी.

पार्क नागपूरकडचा, नाव लिहित नाही, कारण जे झालं ते जवळपास सगळीकडेच तसंच होतं असं नंतर कळलं. गेटवर बॅग उघडायला लावली. बाहेरचं खाणं बंद. साडेतीन किलो शिदोरी परत गाडीत ठेवायला दहा मिनिटं उलटं चालत पार्किंगपर्यंत. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये थेटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवायचा हक्क आहे म्हटलं होतं, पण सोबत पिण्याचं पाणी फुकट द्या अन् तान्ह्या लेकराचं खाणं येऊ द्या असंही म्हटलं होतं. तो निकाल थेटरचा आहे, पार्कचा त्यात विषय नाही हे मला माहीत होतं, तरी मी गेटवर तो फेकून पाहिलाच. गार्ड म्हणाला, "भाऊ, लेकरू कुठं हाय तान्हं?" आमचं सगळ्यात लहान पहिलीत. गप बसलो.

अन् मग कांदा निघाला. आईनं लू लागू नये म्हणून बॅगच्या प्रत्येक खिशात एकेक कांदा घातला होता, मलाही माहीत नव्हतं. गार्डनं पहिला काढला, दुसरा काढला, चौथ्या कांद्याला त्यानं वरच्या साहेबाला बोलावलं. आता कांदा हे खाणं का औषध यावर तिथं चर्चा झाली, मागं लाईन लागलेली, आई ठाम, "खाची वस्तू नाही थे बाप्पा, उन्हाची हाय." शेवटी चारही कांदे आत गेले. आमच्या पूर्ण बॅगेतली गेटवर भांडून जिंकलेली एकच गोष्ट.

पण खरा घोळ लॉकरला झाला, अन् माझं मुख्य सांगणं हेच आहे. पार्कात दिवसभर बॅग पाठीवर राहतच नाही. पाण्यात जाताना ती लॉकरमध्येच जाते, झुल्यांवर तर बॅग घेऊन बसूच देत नाहीत. म्हणजे बॅग घ्यायची ती माणसं मोजून नाही, लॉकर मोजून. तिथला साधा लॉकर एका शाळेच्या बॅगेएवढा होता, आमची ४५ लिटरवाली आडवी केली, उभी केली, लहान भावानं पाय लावून दाबली, नाही गेली. मोठ्या लॉकरचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, अन् तो होता पार्कच्या दुसऱ्या टोकाला. दर वेळी मोबाईल पाहिजे, गोळी पाहिजे, चप्पल पाहिजे म्हणून तिकडं कोण जाणार, मीच. त्या दाबादाबीत मेन चेनचं रनर पण गेलं. बॅग बोरीसारखी उघडी, वरून दुपट्ट्यानं गाठ मारून आणली घरी.

येताना परत वजन केलं. शिदोरी गाडीतच संपलेली, पाणी संपलेलं, तरी बॅग १० किलोच्या वर. का, तर टॉवेल. कोरडा टर्किश टॉवेल ४८० ग्रॅम होता, पिळून सुद्धा १ किलो १०० भरला, अन् असे चार. सीसीआय, म्हणजे सरकारची कापूस घेणारी कंपनी, ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव देते, १२ च्या वर गेला का कापूस परत, आमच्या टॉवेलची ओल तर सव्वाशे टक्क्यांच्याही वर. शेतकऱ्याची कटती कापणारा माणूस मी, पण त्या दिवशी माझीच कापली गेली.

आता दुसरी बॅग. या उन्हाळ्यात जायच्या आधी नागपूरला काम होतं, तेव्हा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फूटपाथवरून २० लिटरची साधी पिट्टू (पाठीवरची बॅग) घेतली, ९०० सांगितले, ७५० ला दिली, कंपनीचं नाव काही नाही तिच्यावर. रिकामी बॅग ४२० ग्रॅम. विकणारा म्हणे ६०० डेनिअर कापड आहे. हा डेनिअर काय ते थोडं सांगतो कारण आपल्या लोकांचा इथं उलटा हिशोब होतो. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, ६०० डेनिअर म्हणजे तेवढा धागा ६०० ग्रॅमचा, आकडा मोठा तर धागा जाड. आपल्या सुताच्या काउंटचं याच्या उलट, काउंट मोठा तर सूत बारीक. त्यामुळे सुताच्या हिशोबानं बॅगेचा आकडा वाचू नका. घासाघाशीला ६०० पॉलिस्टर पुरते, दिवसभर सिमेंटच्या कट्ट्यावर, गाडीत पायाखाली राहूनही काही झालं नाही तिला.

चेन मी यावेळी नीट पाहून घेतली. चेनवर नंबर असतो, ५ नंबर म्हणजे दात बंद झाल्यावर साधारण ५ मिलिमीटर रुंदी, ८ नंबर त्याहून दणकट. मेन कप्प्याला ८ असलेली मिळाली तर घ्या, माझ्या बॅगला ५ आहे, ठीक आहे, पण जास्त कोंबू नका. वायकेके लिहिलेली जपानी चेन दिसली तर अजून चांगलं, पण ७५० च्या बॅगेत ती अपेक्षा नको अन् त्या नावाची नक्कलही खूप असते. चेन कडक चालत असली तर मेणबत्ती घासायची, आमच्या गावचा चांभार हेच करतो.

कमतरता पण सांगतो. आतमध्ये चेनवाला छोटा खिसा नाही, चिल्लर अन् लॉकरची चावी शोधायला पूर्ण बॅग उपसावी लागते. बाजूची बाटलीची जाळी उथळ आहे, वाकलं का बाटली पडते, लाईनमध्ये दोनदा मागच्या माणसाच्या पायावर पडली. अन् रंग आकाशी घेतला पोरीच्या हट्टानं, पार्कातून आल्यावर आकाशी कुठंच दिसेना. पाठीचा फोम पातळ आहे, पण वजनच कमी असल्यानं जाणवलं नाही. छातीवरचा पट्टा आहे तो मात्र लई कामाचा, पट्टे खांद्यावरून घसरत नाहीत, दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात पोट्टं अन् एका हातात तिकिटं.

भरलेली बॅग यावेळी ३ किलो २०० ग्रॅम. कसं जमलं? एक तर दोन बॅगांचा नियम केला, गाडीतली वेगळी अन् आतली वेगळी. गाडीतली म्हणजे जुनी युरियाच्या पोत्याची शिवलेली थैली, तिच्यात शिदोरी, कोरडे कपडे, जास्तीचं पाणी, आईचं समाधान. हातावर शिक्का मारून बाहेर येऊ देतात का ते तिकीट घेतानाच विचारून घेतलं, देत होते, म्हणून दुपारी आम्ही क्रुझरच्या सावलीत बसून दशम्याच खाल्ल्या. सगळीकडे बाहेर सोडत नाहीत, आधी फोन करूनच ठरवा.

आतल्या बॅगेत टर्किश टॉवेल बाद, त्याऐवजी आपले पातळ दुपट्टे दोन. डोक्याला बांधा, अंग पुसा, लेकराला गुंडाळा, अन् उन्हात अर्ध्या तासात वाळतात. पण पाण्यात उतरायला कापूस चालत नाही बरं का, नायलॉन नाही तर लायक्राचाच ड्रेस लागतो, सुती कपड्याचे तंतू सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात म्हणतात. ऐकून मला जरा लागलंच, जन्म कापसात गेला अन् टाक्यात उतरायला नायलॉन पाहिजे. पण ड्रेस भाड्यानं घेण्यापेक्षा घरचे नेलेले परवडतात, चौघांचे मिळून ८०० ग्रॅमच भरले अन् ओले झाल्यावर झटकले का हलके. ओल्या कपड्यांसाठी वेगळी महाग पिशवी घ्यायची गरज नाही, साडीचं चेनवालं प्लास्टिक कव्हर घरोघरी पडलेलं असते, एका कव्हरात चार ड्रेस बसतात, थेंब बाहेर येत नाही. मोबाईलचं गळ्यातलं पाऊच घ्यायचं असेल तर घरी आधी कागदाचा कपटा घालून तासभर बादलीत बुडवून पाहा. माझ्या दोनपैकी एका पाऊचमधला कपटा ओला निघाला, मोबाईल असता तर?

पाणी एक भरलेली बाटली अन् एक रिकामी, रिकामी आतमध्ये नळावर भरली. एक लिटर म्हणजे एक किलो, हे साधं गणित कोणीच करत नाही अन् पाच-पाच बाटल्या पाठीवर घेतो. सोबत ओआरएसचे पाच पुडे, जे एका लिटरला एक असे असतात तेच, मेडिकलमधून. एका ग्लासात अर्धा पुडा असं करू नका, आमच्या वहिनीनं केलं होतं, मीठ जास्त होते. अन् डब्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून विकत होते त्यांना एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव लावायला मनाई केली आहे, तरी पुड्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलंय का पाहून घ्या. पुडा नसला तर घरचं, एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर अन् तोच छोटा चमचा अर्धा मीठ. बाकी पट्टी, तापाची गोळी, सनक्रीम, पॉवर बँक. सनक्रीम पाण्यात धुतल्या जाते, दोन तासांनी परत लावायची.

चप्पल रबराची, तीही टाक्यापासून लांब काढू नका. मे महिन्यात त्या फरशीवरून अनवाणी पन्नास पावलं चालून पाहिलं मी, शेतात दुपारी चाललेला माणूस आहे तरी नाचलो.

पोरीला तिची वेगळी छोटी बॅग दिली. शाळेच्या दप्तराचं २०२० चं धोरण आहे, लेकराच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको. पोरगी २६ किलोची, म्हणजे अडीच किलोच्या आत. तिच्यात तिचा ड्रेस, चप्पल अन् तिची बाहुली, काट्यावर ९०० ग्रॅम. फायदा असा झाला का दिवसभरात "बाबा माझं कुठं आहे" हे एकदाही ऐकलं नाही.

अन् हो, २० लिटरवाली साध्या लॉकरमध्ये पहिल्याच झटक्यात गेली, बाजूला चपलांचे दोन जोड पण बसले. माझ्याकडून पाचपैकी चार. एक त्या बाटलीच्या जाळीचा कापला.

आईचे कांदे यावेळी पण होतेच, पण दोनच. गार्ड वेगळा होता, त्यानं कांदा हातात घेतला, वास घेतला अन् म्हणाला, "आमच्या घरी पण हेच आहे काकू, जाऊ द्या." लॉकर उघडला संध्याकाळी तर बॅगेला, दुपट्ट्याला, पॉवर बँकेला सगळ्याला कांद्याचा वास. दोनदा धुतली बॅग, थोडा अजून आहे.

४५ लिटरवाली घरी खुंटीला टांगलेली आहे, १८ च्या १८ कप्पे शाबूत. कोणाला पाहिजे असेल तर अर्ध्या किमतीत देतो, फक्त रनर बदलून घ्यावं लागेल.