नातीची दुबईतील शाळा : दोन वर्षांनंतरचे मत

माझा मुलगा चार वर्षांपासून दुबईत नोकरीला आहे आणि माझी नात तेथील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत दोन वर्षांपासून शिकते आहे. शाळा निवासी नाही. ती सकाळी बसने जाते आणि दुपारी घरी येते. मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत ३१ वर्षे शिकवले असल्याने शाळा निवडताना मुलाने आणि सुनेने मला विचारले, आणि मागच्या हिवाळ्यात अडीच महिने तेथे राहून मी ती शाळा जवळून पाहिली. आमच्या तालुक्यातील बरीच मुले आता आखाती देशांत संसार थाटत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहितो.

दुबईतील खासगी शाळांवर केएचडीए नावाच्या सरकारी प्राधिकरणाची देखरेख असते. त्याचे निरीक्षक शाळेला ‘उत्कृष्ट’पासून ‘अतिशय कमकुवत’पर्यंत श्रेणी देतात आणि अहवाल सर्वांसाठी खुला असतो. बहुतेक पालक शाळेची एकूण श्रेणी पाहून थांबतात. आम्ही आतली पाने वाचली, कारण प्रत्येक टप्प्यातील आणि प्रत्येक विषयातील प्रगतीचे मत तेथे वेगवेगळे दिलेले असते. एका नावाजलेल्या शाळेचे वरचे वर्ग उत्तम होते, पण ती घरापासून इतकी दूर होती की सात वर्षांच्या मुलीचे रोज जवळजवळ दोन तास बसमध्ये गेले असते. म्हणून आम्ही श्रेणीने एक पायरी खालची, परंतु प्राथमिक विभाग भक्कम असलेली जवळची शाळा घेतली, आणि या निर्णयाचा आम्हाला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

शाळेचे सर्वांत मोठे बळ तिचे वाचन आहे. प्रत्येक मुलाची वाचनपातळी शिक्षिकेला माहीत असते, त्यानुसार पुस्तक घरी येते आणि पालकांनी वहीत चार ओळी लिहून ते परत पाठवायचे असते. माझ्या वर्गात कधी कधी पन्नासच्या वर मुले असत, त्यामुळे एकेका मुलाकडे असे लक्ष देणे किती कठीण असते हे मी जाणतो. नातीला सुरुवातीचे काही महिने इंग्रजी बोलण्याचा संकोच होता; शिक्षिकेने तिला वर्गासमोर उभे करण्याची घाई केली नाही, आधी दोघी-तिघींच्या गटात बोलू दिले. अरबी भाषा मात्र सर्वांनाच शिकावी लागते, आणि त्या तासाचे शिकवणे मला पाठांतरापलीकडे गेलेले दिसले नाही.

खर्चाच्या बाबतीत शाळेने स्पष्टपणा दाखवायला हवा होता. शिक्षणशुल्क आधी कळले होते; पण बस, गणवेश, सहली आणि पुढील वर्षाची जागा राखून ठेवण्याची रक्कम यांचा आकडा आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेला. पगारातून पैसे वाचवून गावाकडील शेतीचे कर्ज फेडणाऱ्या घराला ही ओढाताण जाणवते. प्रवेशापूर्वी वर्षाचा एकूण आकडा लेखी मागून घ्यावा.

शाळेची खरी परीक्षा माझ्यासाठी जुलैमध्ये होते. तिची उन्हाळी सुट्टी तेव्हा सुरू होते, आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडत असल्याने आमच्या गावची शाळा नुकतीच भरू लागलेली असते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने नात गेल्या वर्षी दोन आठवडे तिसरीच्या वर्गात बसली. तिकडची ‘इयर फोर’ म्हणजे आपली तिसरी, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आकडा ऐकून पालकांचा गोंधळ होतो. बांधावरच्या तुरीची आणि कपाशीची पाने तिने शेजारी ठेवून पाहिली, फरक वहीत रेखाटला आणि गुरुजींना एकामागून एक प्रश्न विचारले. ही सवय शाळेने लावली, त्याचे श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. पण बारापुढचे पाढे तिला येत नव्हते आणि फळ्यावरचे देवनागरी वाचताना ती अक्षरावर अडत होती. शेजारची मुलगी तिला बोट ठेवून वाचून दाखवत होती, हे मी दारातून पाहिले आणि मला फार वाईट वाटले. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास मी तिला मराठी शिकवतो. ते काम शाळेवर सोडता येणार नाही.

आखातातील वास्तव्य बहुधा नोकरीशी बांधलेले असते, ती सुटली की कुटुंबाला परतावे लागते. म्हणून शाळेतून बाहेर पडण्याची वाटही प्रवेशाच्या वेळीच पाहावी. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळा दहावीत आणि बारावीत बाहेरून आलेल्या मुलाला सहसा थेट घेत नाहीत. ब्रिटिश पद्धतीत सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणारी आयजीसीएसई परीक्षा पाच विषयांत ‘सी’ किंवा त्याहून वरच्या श्रेणीने उत्तीर्ण झाल्यास भारतात ती दहावीच्या बरोबरीची धरली जाते. पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय वरच्या वर्गांत घेतलेले असावे लागतात. विषय निवडून झाल्यावर हे कळले तर फार उशीर झालेला असतो.

माझे मत असे की प्राथमिक वर्गांसाठी ही शाळा निःसंकोचपणे घ्यावी. नातीला आम्ही आपल्या सातवीपर्यंत तेथेच ठेवणार आहोत; सातवीत असताना मुलाच्या नोकरीचा अंदाज घेऊन तेथील केंद्रीय मंडळाच्या शाळेत हलवायचे की नाही ते ठरवू, म्हणजे नववीच्या नोंदणीपूर्वी तिला नव्या अभ्यासक्रमात रुळायला एक पूर्ण वर्ष मिळेल.