नेशनस्टेट्स, बरेच महिने खेळल्यावर: राष्ट्र झकास, युती भकास

नेशनस्टेट्स या ऑनलाइन राष्ट्र चालवण्याच्या खेळात आमच्या प्रदेशावर, म्हणजे राष्ट्रांच्या गटावर, रेड पडली, बाहेरच्या खेळाडूंनी तो बळकावला, आणि ती पडली हे आमच्याच माणसांना कळायला पुढचं अपडेट, म्हणजे खेळाची पुढची आकडेमोड, उजाडावं लागलं. झेंडा बदललेला, फॅक्टबुक एंट्री (प्रदेशाच्या पानावरची ओळख) पुसून तिथे रेडर्सची नेहमीची छापील फुशारकी, वकिलाती एकामागून एक बंद करायला टाकलेल्या. त्याच वेळी डिस्कॉर्डवर आमचे दोन मंत्री नव्या संरक्षण कराराच्या कलमांचा क्रम कसा असावा यावर हातघाईला आले होते. तो करार कोणाचं संरक्षण करणार होता हे विचारण्यात आता अर्थ नाही. रिव्ह्यू लिहायचा कधीपासून रेंगाळला होता, तो या निमित्ताने लिहून टाकते. प्रदेशाचं नाव देत नाही. माणसं वाईट नव्हती.

खेळाचे बारकावे तुम्हाला माहीत असतील असं धरून चालते; थोडक्यात, आपल्या राष्ट्रापुढे इश्यू, म्हणजे निर्णयाचे प्रश्न, येतात, आणि वर्ल्ड असेंब्ली (डब्ल्यूए) म्हणजे खेळातला संयुक्त राष्ट्रसंघ. लेखक मॅक्स बॅरी यांनी आपल्या कादंबरीच्या प्रचारासाठी २००२ च्या नोव्हेंबरात हा खेळ काढला आणि जाहिरातीचं ते निमित्त मागे पडून खेळच राहिला, ही कथाही जुनी झाली.

एकट्याने खेळायचं असेल तर तक्रारीला जागा नाही. इश्यू अजून हसवतात. कितीही समंजस पर्याय निवडा, परिणामाची ओळ तुमच्या समंजसपणाचं टोक गाठून तुम्हालाच तोंडघशी पाडते. नागरी हक्क वाढवायला जावं तर पोलिसांना कोणी विचारेनासं होतं, जंगल वाचवावं तर अर्थव्यवस्था झोपते. शिवाय सगळं फुकट. साइट सपोर्टर (पैसे भरून मिळणारं सदस्यत्व) नाही, टेलिग्रामचे (खेळातल्या निरोपांचे) विकतचे स्टॅम्प नाहीत, मी या खेळात आजवर एक छदाम घातलेला नाही आणि त्यामुळे माझ्या राष्ट्राचं काही अडलेलं नाही. पैसे न देणाऱ्याला खिजवणारे खेळ इतके बोकाळलेत की एवढ्यासाठीच मी याला एक तारा जास्त देते.

आता एन्डॉर्समेंटचं, म्हणजे दुसऱ्या सदस्याला पाठिंबा देण्याचं, बटण.

मला माहीत आहे की एवढ्या मोठ्या खेळात एका बटणावर इतकं लिहिणं वेडेपणाचं वाटेल, पण माझा अर्धा वेळ या बटणाने खाल्ला. प्रदेशातल्या दुसऱ्या डब्ल्यूए सदस्याला एन्डॉर्स करायचं तर त्याच्या पानावर जायचं, खाली सरकायचं, बटण दाबायचं, परत यायचं, पुढचं पान. सगळ्यांना एकदम एन्डॉर्स करण्याची सोय नाही. कोणाला राहिलंय हे खेळ आपणहून सांगत नाही. त्यासाठी खेळाडूंनीच बनवलेली साधनं वापरायची किंवा वही घेऊन बसायचं. मी वही घेऊन बसले. आणि एवढं करून एखाद्याने डब्ल्यूए सोडली किंवा प्रदेश बदलला की त्याने दिलेल्या आणि त्याला मिळालेल्या सगळ्या एन्डॉर्समेंट पुसल्या जातात. तो परत आला की शून्यापासून सुरुवात, त्याचीही आणि आपलीही.

सुरुवातीचे काही महिने माझं ठाम मत होतं की हा निव्वळ आळशी डिझाइनचा नमुना आहे. वीस वर्षं चाललेल्या खेळात एक बटण जोडता येत नाही? हा परिच्छेद मी तेव्हाच लिहून ठेवला होता आणि त्यात याहून कडक शब्द होते. ते आता काढले आहेत, कारण मत बदललं. या खेळात सैन्य नाही. रणगाडे, अण्वस्त्रं, लढाईचा हिशेब, काही नाही. संरक्षणाचा जो काही पैसा आहे तो म्हणजे डेलिगेटच्या, प्रदेशाच्या डब्ल्यूए प्रतिनिधीच्या, नावावरच्या एन्डॉर्समेंट. दिवसातून दोनदा अपडेट होतं, त्या क्षणी ज्याच्याकडे सर्वात जास्त एन्डॉर्समेंट तो डेलिगेट. रेडर्स अपडेटच्या काही सेकंद आधी एकगठ्ठा घुसतात, आपल्यातल्या एकाला एन्डॉर्स करतात आणि खुर्ची नेतात. म्हणजे एका क्लिकमध्ये सगळ्यांना एन्डॉर्स करता आलं असतं तर ते त्यांनाही आलं असतं. कष्ट पडतात म्हणूनच त्या आकड्याला किंमत आहे. टेनथाउजंड आयलंड्ससारखा जुना प्रदेश इतकी वर्षं उभा आहे तो लोकांना एन्डॉर्स करायची सवय लावल्यामुळे. त्यांच्याकडे ती जवळपास नागरिकशास्त्रासारखी शिकवली जाते. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आणि त्या फेरीत माणसं भेटत. पानावर गेलं की बोधवाक्य दिसतं, राष्ट्रीय प्राणी दिसतो, कोणाची अर्थव्यवस्था बुडाली ते दिसतं, मग हात शिवशिवतो आणि दोन ओळी पाठवल्या जातात. आमच्या प्रदेशातली निम्मी ओळख अशी झाली. पुढे कोणीतरी यादी काढणारा बॉट डिस्कॉर्डवर बसवला. रोज ठरल्या वेळी नावं पडू लागली: अमक्याने तमक्याला एन्डॉर्स केलेलं नाही. क्लिक वाढले, टेलिग्राम आटले.

युतीचा भाग इथून सुरू होतो. आमची पाच प्रदेशांची युती होती. त्यातल्या दोघांशी परस्पर संरक्षण करार, उरलेल्यांशी मैत्री, सगळ्यांशी वकिलाती, आणि युतीबाहेर आणखी डझनभर ठिकाणी सह्या. वर्षभराचं परराष्ट्र खातं बघितलं तर आम्ही महासत्ता वाटलो असतो. पण नियम असा की एका खेळाडूचं एकच राष्ट्र डब्ल्यूएत असू शकतं. पपेट, म्हणजे त्याच खेळाडूची जादा राष्ट्रं, हवी तेवढी काढा, मत आणि एन्डॉर्समेंट एकालाच. मित्रप्रदेशावर रेड आली की मदतीला जाणाऱ्याने काय करायचं? आपल्या मुख्य राष्ट्राची डब्ल्यूए सोडायची, एका पपेटला ती घ्यायची, तिकडे उडी मारायची, तिथल्या डेलिगेटला एन्डॉर्स करायचं. त्या क्षणी घरच्या डेलिगेटच्या खात्यातून एक वजा. दहा माणसं गेली तर दहा वजा, आणि ती परत आली तरी वहीतली सगळी फेरी पुन्हा.

म्हणजे केलेल्या प्रत्येक संरक्षण कराराचा हप्ता घरच्या एन्डॉर्समेंटमधून जात होता, आणि हे एकाही मसुद्यात लिहिलेलं नव्हतं. मी काटकसरी बाई आहे, मला खर्चाचा रकाना नसलेला कागद सहन होत नाही. मी सभेत विचारलं की यंदा आपण किती मोहिमांवर गेलो, त्यातून किती जण पुन्हा डब्ल्यूएत परतले आणि किती नुसतेच पपेटवर राहिले. उत्तर म्हणून मला ‘प्रादेशिक प्रतिष्ठा’ या विषयावर एक लांब डिस्पॅच (खेळातला लेख) वाचायला मिळाला. लेखकाचं स्वतःचं डब्ल्यूए राष्ट्र तेव्हा दुसऱ्याच प्रदेशात होतं.

या खोट्या बाळशाचं खापर लोकसंख्येच्या आकड्यावर फोडायला हवं. प्रदेशाच्या पानावर राष्ट्रांची संख्या ठळक दिसते, आणि त्यात एकेका माणसाची पाच-सात पपेट सुखाने नांदतात. मित्रप्रदेशांत प्रतिनिधी म्हणून ठेवलेली, जुन्या निवडणुकीत काढलेली, ट्रेडिंग कार्डं २०१८ मध्ये आल्यावर कार्डं गोळा करायला उघडलेली. आमची संख्या उतरत नव्हती म्हणून सगळे निश्चिंत होते. डेलिगेटच्या एन्डॉर्समेंट मात्र महिन्यागणिक झिजत होत्या, आणि बाहेरून टेहळणी करणारे रेडर्स तोच आकडा बघतात.

सायबर नेशन्स हा याच धाटणीचा खेळ खेळलेली जुनी खोडं म्हणतील, यात नवं काय. खरंच नाही. २००३ मध्ये इथल्या द पॅसिफिक प्रदेशात सत्ता उलथून न्यू पॅसिफिक ऑर्डर बसली, आणि २००६ च्या जानेवारीत सायबर नेशन्स सुरू झालं तेव्हा त्याच मंडळींनी तिथे त्याच नावाची युती उभारून काही वर्षं सगळ्यांना धाकात ठेवलं. तिथे करारांचं जाळं इतकं दाट विणलं गेलं होतं की कोण कोणाच्या बाजूने उतरेल हे बघायला लोक नकाशे काढत. २००९ च्या एप्रिलमध्ये त्या जाळ्याचा एक धागा ओढला गेला आणि कर्मा युद्ध पेटलं. एका तुलनेने छोट्या युतीवरच्या हल्ल्यातून साखळीने एकेक जण ओढला गेला आणि ऑर्डर पडली. नंतर नुकसानभरपाईच्या अटी, त्यांचे हप्ते, त्यावरून नवी भांडणं. तिथे करार मोडायला किंवा पाळायला निदान लढाई तरी होत असे. इथे करार पडून राहतो, वकिलातीच्या यादीत एक ओळ वाढते आणि सगळे आपापल्या पपेटवर झोपी जातात. मला या दोहोंतलं कुठलं बरं हे ठरवता येत नाही. चिडचीड इथली जास्त होते.

रेडचं प्रत्यक्ष कारण मात्र फारच फुसकं निघालं. आमचा गव्हर्नर, म्हणजे ज्याने प्रदेश स्थापला तो, कंटाळला होता. लॉगिन न करता २८ दिवस गेले की राष्ट्र बंद पडतं, सुट्टीचा मोड लावला तर ६० दिवसांची मुदत मिळते. त्याने मोड लावला नव्हता. २०२३ च्या बदलांनंतर वारसाची सोय आहे, ती पाच मिनिटांत करता येते, ती कोणी केली नव्हती. गव्हर्नर गेल्यावर सगळा भार डेलिगेटवर, आणि डेलिगेटच्या पाठीशी उरलेल्या एन्डॉर्समेंट रेडर्सच्या एका मध्यम टोळीला पुरून उरतील इतक्या नव्हत्या.

टॅग रेड होती, त्यामुळे झेंडा लावून मंडळी पुढच्या शिकारीला निघून गेली. पासवर्ड लावून ठाण मांडलं नाही, कोणाला बाहेर काढलं नाही, डब्ल्यूएच्या सिक्युरिटी कौन्सिलपुढे लिबरेशनचा (प्रदेशाचा पासवर्ड काढण्याचा) ठराव नेण्याची पाळी आली नाही. पुढच्या अपडेटला खुर्ची परत मिळाली. झेंडा चढवला, वकिलाती बंद होण्याआधी थांबवल्या, फॅक्टबुक कोणाच्या तरी जुन्या प्रतीवरून परत चिकटवलं. हे सगळं तिघांनी केलं. खरा तमाशा त्यानंतरचा. करारातल्या दोन्ही मित्रांनी कळवलं की आम्हाला रीतसर सूचना मिळाली नाही. रीतसर सूचना म्हणजे त्यांच्या डिस्कॉर्डच्या अमुक खोलीत अमुक पदाधिकाऱ्याने लिहायचं, आणि तो पदाधिकारी आमच्याकडे दोन महिन्यांपासून नेमलेलाच नव्हता. मग चौकशी समिती. समितीच्या सदस्यांमध्ये डब्ल्यूए राष्ट्र आमच्या प्रदेशात असलेला एकच जण.

प्रदेशाचा मेसेज बोर्ड या सगळ्यात मुका होता, आणि माझ्या मते पडझड तिथे आधी दिसायला हवी होती. गप्पा, निवडणूक, भांडण, सगळं डिस्कॉर्डवर गेल्यावर खेळाच्या पानावर नव्या माणसाला दिसतं ते फक्त स्वागताचं एक साचेबंद वाक्य. नवं राष्ट्र काढल्याबरोबर भरतीच्या टेलिग्रामांचा जो पाऊस पडतो त्यातून चुकून कोणी आमच्याकडे आलाच, तर त्याला वाटणार की घर रिकामं आहे. भरतीचंही तेच. ज्यांच्याकडे स्टॅम्पला पैसे आहेत ते एका फटक्यात हजारोंना पाठवतात. फुकटात एपीआयवरून, म्हणजे प्रोग्राम लावून, पाठवायचं तर भरतीचा एक टेलिग्राम गेल्यावर १८० सेकंद थांबावं लागतं. मी फुकटवाली, त्यामुळे मी थांबत असे. आलेल्या माणसाला टिकवण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो मोहिमेवर असे.

तारे द्यायचे तर इश्यू आणि लेखनाला साडेचार. फुकटपणाला पाच. युतीच्या राजकारणाला, निदान मध्यम आकाराच्या प्रदेशात, दोन. आणि ते दोनही सिक्युरिटी कौन्सिलच्या मतदानाआधी बड्या डेलिगेटांची जी ओढाताण चालते ती बघायला मजा येते म्हणून. एकेकाच्या मागे शेकडो मतांचं वजन असतं, त्यांनी पहिल्या तासात कौल दिला की बाकीचे आकडा बघून त्याच बाजूला जातात.

नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगेन की प्रदेश निवडताना राष्ट्रांची संख्या बघू नका, डेलिगेटच्या एन्डॉर्समेंट किती ते बघा, आणि गव्हर्नर शेवटचा कधी दिसला ते त्याच्या पानावर वाचा. वकिलातींची यादी जितकी लांब तितकं जरा जपून. मी स्वतः प्रदेश सोडलेला नाही. परराष्ट्र खात्याचा राजीनामा दिला, डब्ल्यूए घरी ठेवली आणि मोहिमांना नकार कळवला. वारस नेमण्याचा प्रस्ताव मी मांडला आहे, तो मतदानाला येण्याआधी कार्यसूचीवर आणखी दोन करार आहेत. दोन्हींवर माझं मत विरोधात.