धुरात शिरताना श्वास मोजावा की बोलत राहावं?

"दादा, आत गेल्यावर घाबरायला झालं तर तुम्ही काय करता?" नवीन पोरगा हे चारचौघांत कधी विचारत नाही. वर्दीवरून (म्हणजे आगीच्या कॉलवरून) परतल्यावर, पाण्याचा होज गुंडाळता गुंडाळता, मान खाली घालून विचारतो. "मला भीती वाटतच नाही" म्हणणारे आमच्याकडेही आहेत, पण २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अनुभवी अधिकारी गेले, तेव्हापासून नुसत्या अनुभवावर निर्धास्त व्हावं हे मला पटत नाही.

उरतात दोन सवयी. दोन्ही मी काही वर्षं वापरल्यात.

पहिली श्वास मोजण्याची: चार आकड्यांत आत, चार आकडे रोखायचा, चारांत बाहेर, पुन्हा चार आकडे थांबायचं. दुसरी म्हणजे हाताला जे लागेल, कानावर जे येईल ते जोडीदाराला मोठ्याने सांगत पुढे सरकायचं. बी.ए. सेटची, म्हणजे पाठीवरची हवेची बाटली आणि मास्क यांची, माहिती इथे देत बसत नाही. ३०० बार दाबाला भरलेल्या ६.८ लिटरच्या बाटलीत दोन हजार लिटरच्या आसपास हवा असते आणि घाबरलेला माणूस ती घटाघट पितो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मोजण्याचा गुण आधी सांगतो. गाडी स्टेशनातून निघाल्यापासून जागेवर पोचेपर्यंत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गुडघे थरथरत असतात, ते थांबतात. रात्रीच्या वर्दीनंतर झोप लागत नसेल तेव्हाही उपयोग होतो.

आत गेल्यावर मात्र तेच मोजणं मला त्रास द्यायला लागलं. गुडघ्यांवर रांगत, होज ओढत, पाठीवर बाटली घेऊन चार आकडे श्वास रोखून बघा. जीव आणखीच घुसमटतो. त्यात तिसऱ्या आकड्याला वॉकीटॉकी खरखरतो, मोजणी चुकते, पुन्हा एकपासून सुरुवात. काही वेळाने आगीपेक्षा आकडा चुकल्याचीच धास्ती जास्त. एका गोदामात मी असाच मनातल्या मनात मोजत चाललो होतो. जोडीदार "मागे फिर" म्हणून दोनदा ओरडला. मला ऐकूच आलं नाही. शेवटी त्याने सेटचा पट्टा धरून खेचलं. बाहेर आल्यावर तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "तू आत होतास, पण माझ्याबरोबर नव्हतास."

त्यानंतर बोलायला लागलो. डावीकडची भिंत धरून, हाताची पालथी बाजू लावत सरकायचं (तळवा लावला आणि उघडी वायर लागली, तर मूठ तिच्यावरच आवळली जाते) आणि बोलत राहायचं: "भिंत. भिंत. कपाट. दार, बंद आहे, गरम नाही." सुरुवातीला वेडगळ वाटतं. मास्कमधून आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. एका सीनियरने "कॉमेंट्री बंद कर" असंही सुनावलं होतं. बोलण्यात हवा जाते हा आक्षेपही खोटा नाही. पण माझ्या सेटची हवा संपत आल्याची शिट्टी पूर्वीपेक्षा लवकर वाजते असं मला तरी कधी जाणवलं नाही; उलट थोडी उशिराच वाजते असं वाटतं. बोलायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो, त्यामुळे असेल कदाचित. घड्याळ लावून बघितलेलं नाही.

खरा फरक वेगळाच आहे. मोजत असलो की माझी भीती माझ्यापाशीच राहते. बोलत असलो की ती जोडीदाराला माझ्याआधी कळते. माझा आवाज चढला, शब्द तुटायला लागले की तो म्हणतो, "थांब. गेज सांग." मी गेज, म्हणजे बाटलीतला दाब दाखवणारा काटा, बघतो, आकडा सांगतो, आणि तेवढ्यात सावरतो. त्याचा आवाज चढला की मी तेच करतो.

प्रत्येकाचा पिंड वेगळा. मुळात अबोल असलेल्याला मोजणं जास्त मानवत असेल, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त ड्रिलच्या वेळी, धूर भरलेल्या खोलीत, दोन्ही करून बघा आणि बाहेर आल्यावर जोडीदाराला विचारा की त्याला कधी बरं वाटलं.

गाडीत मी अजूनही मोजतोच. सायरन चालू असताना बोलून ऐकणार कोण?