गॅप भरून दाखवणारे दोन एक्स-रे

गुडघेदुखीच्या उपचारात होणारी फसवणूक पुष्कळदा एक्स-रेपासून सुरू होते. फिल्म उजेडात धरून रुग्णाला सांगतात, "ही गॅप बघा, वंगण संपलंय, हाडावर हाड घासतंय. इंजेक्शनांचा कोर्स करा, गादी पुन्हा वाढवून देतो." कोर्सचे सगळे पैसे आगाऊ घेतले जातात. कोर्स संपला की दुसरा एक्स-रे निघतो आणि त्यात गॅप खरंच वाढलेली दिसते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर शंका घेणार कोण?

पहिला एक्स-रे उभं करून, पायावर वजन देऊन काढलेला असतो आणि दुसरा झोपवून. सगळी करामत एवढीच. वजन उतरलं की मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली जागा मोकळी दिसते. गुडघा किती वाकवला, किरण कोणत्या कोनातून सोडले, यानेही ती कमीजास्त दिसते. मुळात साध्या एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची ती "गादी", दिसतच नाही, दिसते ती फक्त दोन हाडांमधली जागा. त्या जागेत मेनिस्कसची चकतीही असते, आणि ती बाहेर सरकली तरी गॅप कमी होते. म्हणून दोन फिल्म समोर ठेवल्या की आधी विचारा: दोन्ही उभं राहून काढल्या का? गुडघा दोन्ही वेळा सारखाच वाकवला होता का? दोन्ही फिल्म किंवा सीडी स्वतःकडे घ्या. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

"वंगण संपलं" हेही खोटं आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या आजारात, सांध्यातला द्रव पातळ होतो, पण संपत नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर तो वाढलेला असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची दुरुस्ती फार हळू होते. जास्त वजन, वाकडे पाय, जुनी लिगामेंटची दुखापत, काढून टाकलेला मेनिस्कस, आनुवंशिकता, वय यांनी कूर्चेच्या घडण्या-मोडण्याचा तोल बिघडला की तिथल्या पेशी एमएमपी-१३ आणि एडीएएमटीएस-५ यांसारखी विकरं जास्त सोडतात. ही विकरं कूर्चेच्या बांधणीतले घटक, कोलॅजन आणि अ‍ॅग्रिकन तोडतात. याच आजारात कूर्चेखालचं हाड बदलतं, सांध्याचं अस्तर सुजतं, मांडीचा स्नायू अशक्त होतो. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. दुखतं ते मुख्यतः हाड आणि अस्तर. घासलेला वॉशर बदलावा तशी "गादी" बदलून हा आजार जात नाही.

याचा चांगला पुरावा एका प्रामाणिक संशोधनातच मिळतो. कूर्चा वाढवण्यासाठीच्या स्प्रिफर्मिन या प्रायोगिक इंजेक्शनाच्या चाचणीचे निकाल २०१९ साली आले. सर्वांत मोठ्या मात्रेत दोन वर्षांनंतर कूर्चेची जाडी नकली (औषध नसलेल्या) इंजेक्शनाच्या तुलनेत सुमारे ०.०५ मिलिमीटर जास्त भरली. दुखण्यात मात्र फरक पडला नाही. इतक्या मोजमापानंतर हाती लागलेली वाढ ही एवढी. कुणी डोळ्यांना दिसेल एवढी गॅप काही आठवड्यांत भरून दाखवत असेल, तर ती कशी भरली ते वर सांगितलंच आहे.

"पण मला बरं वाटलं" हे रुग्णाचं म्हणणं खरं असतं. हा आजार चढ-उतारांचा आहे, आणि माणूस पैसे मोजायला जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते बहुधा उतरतंच. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचं दुखणं २४ आठवड्यांत किमान २० टक्क्यांनी कमी झालं. ग्लुकोसामाइनवाल्यांमध्ये हा आकडा ६४ होता. पीआरपीची, म्हणजे स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनांची, २०२१ ची ऑस्ट्रेलियातली चाचणी २८८ जणांवर झाली. १० पैकी मोजलेली वेदना वर्षभरात पीआरपीने २.१ ने उतरली आणि मिठाच्या पाण्याच्या नकली इंजेक्शनाने १.८ ने. "स्टेम सेल" (मूळ पेशी) हा शब्द सर्वांत महाग विकला जातो. २०२३ साली आलेल्या अमेरिकी चाचणीत अशी तीन प्रकारची पेशी-इंजेक्शनं एका वर्षानंतर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरली नाहीत. "आमच्याकडे संशोधन चालू आहे" असं सांगितलं तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि तुलना मिठाच्या पाण्याशी केली का ते विचारा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत.

ज्याने खरोखर फरक पडतो त्यात विकण्यासारखं फार काही नसतं. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, निदान सहा ते बारा आठवडे करावा लागतो. वजन जास्त असेल तर ते उतरवावं. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

जिवावर बेतणारी फसवणूक मात्र "वनस्पतीजन्य" पुडीत असते. दोन-तीन दिवसांत दुखणं एकदम थांबतं, भूक वाढते, काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो. ही स्टेरॉइडची लक्षणं आहेत. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांधेदुखीच्या अशा उत्पादनांत न सांगता मिसळलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडल्याचं जाहीर केलं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करते. पुडी अचानक थांबली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं, बेशुद्धी इथपर्यंत वेळ येते. उरलेल्या पुड्या वेष्टनासकट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस, दिवसाला किती घेतल्या ते सांगा. मात्रा कशी उतरवायची ते त्यांनाच ठरवू द्या.