माजोरडा नायक कानात, कल्याण फास्ट पायाखाली

छापील शृंगारिक कादंबरीत नायकाचा माज असह्य झाला की दोन परिच्छेद गाळता येतात. ऑडिओबुकात ती सोय नाही, त्याचं प्रत्येक तोऱ्यातलं वाक्य शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. त्यामुळे या प्रकारात कथेपेक्षा आवाज पारखून घ्यावा.

पुस्तक वाचून दाखवणारा मुरलेला कलाकार माज दाखवायला आवाज चढवत नाही. उत्तराआधी सेकंदभर थांबतो, वाक्याचा शेवट खाली सोडतो, नायिकेचं नाव घाई न करता उच्चारतो. ओरडणारा नायक तिसऱ्या प्रकरणात पार्किंगवरून भांडणारा सोसायटीचा सेक्रेटरी वाटू लागतो. मग पुढचा शृंगार कसला रंगणार?

वाचनाची पद्धतही बघा. ‘ड्युअल’मध्ये नायिकेच्या नजरेतली प्रकरणं बाई वाचते, नायकाच्या नजरेतली पुरुष, पण त्याच्या प्रकरणात तिचे संवादही तोच म्हणतो. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात पुरुषाने काढलेला बारीक बायकी आवाज आला की सगळं मुसळ केरात. ‘ड्युएट’मध्ये प्रत्येकाचे संवाद ज्याचे त्याच्याच आवाजात असतात. आखडू नायकासाठी हेच घ्यावं. मोफत नमुना बहुधा सुरुवातीचाच असतो आणि त्यात अनेकदा एकटी नायिकाच बोलते. सबस्क्रिप्शन असेल तर थेट त्याच्या पहिल्या प्रकरणावर उडी मारा. नाही पटलं तर पुस्तक सोडून देता येतं. सुटं विकत घेतलेलं मात्र गळ्यात पडतं.

मराठी अनुवादाची खरी परीक्षा ‘तू’ आणि ‘तुम्ही’त होते. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. मराठीत ऑफिसातला थंड, कोरडा ‘तुम्ही’ हाच नायकाचा माज आणि तो पहिल्यांदा ‘तू’वर येतो तो क्षण कुठल्याही चुंबनापेक्षा गरम. निष्काळजी अनुवादात तो चौथ्या मिनिटाला ‘तू’ म्हणतो, दहाव्याला पुन्हा ‘तुम्ही’, आणि सगळी चढण वाया जाते. शरीराच्या शब्दांचंही तसंच. संस्कृत शब्द आले की जीवशास्त्राचा तास, बोलीतले आले की शिवी. जाणता अनुवादक श्वास, बांगड्या, सुटलेली गाठ यांवर काम भागवतो.

एक अट मात्र सोडू नका. जगाशी उर्मट असला तर चालेल, तिचं ‘नको’ त्याला पहिल्यांदाच ऐकू यायला हवं. आणि माजाला तडा निम्म्या पुस्तकापर्यंत जावा. शेवटच्या अर्ध्या तासात उरकलेली माफी पोकळच वाजते.

आता लोकल. कल्याण ते सीएसएमटी फास्टला साधारण तास लागतो, म्हणजे दहा तासांचं पुस्तक जाऊन-येऊन पाच दिवसांत संपतं. घरच्या वायफायवरच डाउनलोड करा. 64 केबीपीएस दर्जाच्या फाइलला तासाला जेमतेम 29 एमबी जागा लागते. नॉइज कॅन्सलिंग गाडीची एकसुरी घरघर दाबतं, ‘पुढील स्टेशन’ नाही, आणि कुजबुज नेमकी तिथेच बुडते. मग आपण आवाज वाढवतो आणि पुढच्याच वाक्याला नायकाचा संताप कानात फुटतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास आहे, 90ला फक्त चार. त्यामुळे शृंगाराची प्रकरणं घरी ऐका, तीही 1 एक्स वेगावर. 1.5वर आधी बळी जातात ते विराम आणि माज तर विरामांतच असतो. वर्णनं, मैत्रिणींच्या गप्पा, त्याच्या गाड्यांची यादी 1.25ने खुशाल पळवा.

दादरच्या गर्दीत ब्लूटूथ तुटतं, साधी वायर तुटत नाही. ब्लूटूथच वापरायचं असेल तर प्ले दाबण्याआधी फोनचा आवाज शून्यावर न्या. इअरबड जोडलेच गेले नसतील तर नायक डब्याला ऐकू जातो. लॉक स्क्रीनवर मुखपृष्ठ दिसतं हेही ध्यानात असू द्या. त्यावरचा इसम बहुतेक वेळा शर्टाविना असतो आणि चौथ्या सीटवर टेकलेली काकू अगदी जवळून बघत असते.