पवित्र शहर: सिव्हिलायझेशन ४ की ६?

सिव्हिलायझेशन या संगणकावरच्या साम्राज्य उभारण्याच्या खेळाच्या २००५ च्या चौथ्या भागात धर्म शर्यतीतून मिळतो. मेडिटेशन हे तंत्रज्ञान आधी शोधणाऱ्याला बौद्ध धर्म, पॉलिथिइझमवाल्याला हिंदू. ज्या शहरात तो स्थापन होतो ते पवित्र शहर. पण खरी कमाई तिथे ग्रेट प्रॉफेट (खेळात मिळणारा महान धर्मपुरुष) खर्चून मंदिर उभारल्यावरच सुरू होते. हिंदू धर्मासाठी हे मंदिर काशी विश्वनाथाचं, हे पाहून आपल्याला बरं वाटतंच! धर्म पोचलेल्या प्रत्येक शहरामागे, मग ते शत्रूचं का असेना, दर टर्नला १ सोनं. २० शहरं म्हणजे २०. तिथेच सोनं वाढवणाऱ्या इमारती, म्हणजे बाजार (२५%), किराणा (२५%) आणि बँक (५०%), बांधल्या की ४०. म्हणून प्रॉफेट दुसरीकडे वाया घालवू नका. आणि या शहराला तटबंदी हवीच, कारण ते पडलं की सगळं उत्पन्न जिंकणाऱ्याच्या खिशात जातं.

२०१६ च्या सहाव्या भागात तंत्रज्ञान शोधून धर्म मिळत नाही. होली साइट (शहराचा धार्मिक विभाग) बांधून प्रॉफेटचे गुण जमवावे लागतात, आणि धर्मांची संख्या खेळाडूंपेक्षा कमी असते. उशीर झाला की संपलं. इथे पवित्र शहर पैशापेक्षा धर्म पसरवणाऱ्या दबावासाठी मोलाचं: नकाशावरच्या १० षटकोनी घरांच्या आतल्या शहरांवर साध्या शहराच्या चौपट. हमखास होणारी चूक म्हणजे परधर्मीय बहुमत झालेल्या शहरात मिशनरी विकत घेणं; तो त्याच परधर्माचा निघतो.

पैसा हवा असेल तर चौथा. धर्मानेच जिंकायचं असेल तर सहावा.