कमरेचा माईक : 8 महिने वर्गात वापरून

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा एमजी रोडवरून कमरेला बांधायचा छोटा स्पीकर नि डोक्याला लावायचा माईक घेतला, 1400 रुपये. स्वतःच्या खिशातून, कारण शाळेत विचारलं तर "आधीच्या बाईंना कधी लागला नाही" एवढंच ऐकायला मिळालं आणि ते मनाला अजून लागतं.

शाळा सिडकोत, अगदी रस्त्याला लागून, सातवीत 62 पोरं आणि वर खडखडणारे पंखे. आदल्या हिवाळ्यात थंडी पडली नि आवाज जो बसला तो बसलाच, मधल्या सुट्टीनंतर तोंडातून नुसती हवा. दुर्बिणीने घसा बघितला तर स्वरतंतूंवर दोन्हीकडे गाठी. डॉक्टर म्हणाल्या ऑपरेशनचं नंतर बघू, आधी स्पीच थेरपी. तिथे कळलं की बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात, ओरडलं की आणखी जोरात, आणि मी घशाला आराम म्हणून कुजबुजत होते, सारखी खाकरत होते, त्यानेच तो जास्त सोलवटत होता.

आता माईकचं. पहिला महिना काडीचा फरक नाही. थेरपिस्ट मॅडमनी एक तास मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायला लावला, ऐकलं तर मी माईक लावूनही तश्शीच ओरडतेय! गोंगाटात आवाज आपोआप चढतो, आपल्याला पत्ताही नसतो. त्या म्हणाल्या, पहिल्या बाकावरच्या पोराशी बोलता तेवढंच बोला, मागचं स्पीकर बघेल. हे अंगवळणी पडायला 3 आठवडे गेले. एकदा अपूर्णांक शिकवताना मागून एक पोरगं काळजीनं म्हणालं, "बाई, बरं नाहीये का तुम्हाला?" त्या दिवशी घरी गेले तेव्हा घसा पहिल्यांदा दुखत नव्हता.

त्रास आहेत. वही तपासायला वाकलं की माईक स्पीकरजवळ जातो नि कर्कश शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर पाठीकडे सरकवते. माईक ओठांसमोर नको, कोपऱ्याशी दोन बोटं लांब ठेवायचा, नाहीतर प आणि फ फुटतात. पिनपाशी वायर चौथ्या महिन्यात तुटली, 50 रुपयांत सोल्डर करून घेतली. बॅटरी खोक्यावर 10 तास लिहिलीय, मला 6 मिळतात.

रोज सकाळी अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून "ऊऽऽ" करत बुडबुडे काढते 5 मिनिटं, तो व्यायाम सोडला नाहीये, पाण्याची बाटली टेबलावर असतेच. जानेवारीत परत दुर्बीण घातली, एक गाठ गेलीय, दुसरी बारीक झालीय. घेणार असाल तर वेगळी निघणारी वायर असलेलाच घ्या, माझी माईकला आतून जोडलेली आहे.